हापशाची बरकत

गेवराई तालुक्यातल्या उमापुरात आमच्या वस्तीवर हापसा आला तो 1972च्या दुष्काळानंतर. तोवर पाणी म्हणजे दुसऱ्याची मर्जी. विहिरीच्या काठापासून लांब घागर मांडायची आणि कुणी वरून ओतील याची वाट बघायची, हे तेव्हा मराठवाड्यात गावोगाव होतं. बाप्तिस्मा घेतला म्हणून आमची जागा बदललेली नव्हती. बोअर सरकारी होता. माझी माय मात्र त्याला देवाचाच मानायची. पहिल्या दिवशी दांड्याला हात लावण्याआधी तिनं प्रार्थना केली.

पुढच्या एका उन्हाळ्यात विहीर आटली आणि गावातल्या बायका घागरी घेऊन आमच्या हापशावर आल्या. वस्तीवरच्या काहींनी दांडा धरून ठेवला. त्यांचा राग खरा होता, तो मला आजही गैर वाटत नाही. मायचा नंबर पहिला होता. तिनं आपली घागर बाजूला सरकवली, समोरच्या बाईची कळशी धारेखाली लावली आणि स्वतःच हापसायला लागली. "पाणी देवाचं हाये. धरून ठेवलं तर आपलं बी आटंल," एवढंच बोलली. त्या दिवशी आमच्या घरात पाणी आलं ते दुपार कलल्यावर.

मायला अक्षरओळख नव्हती, पण उपासनेत ऐकून ऐकून सारफथच्या विधवेची गोष्ट तोंडपाठ होती. मूठभर पीठ, थोडंसं तेल, आणि त्यातून आधी एलियाला भाकर. सांगताना ती एका जागी हमखास थांबायची: मडकं भरलं असं शास्त्रात कुठं नाही, संपलं नाही एवढंच आहे. देव पुरवतो म्हणजे काय करतो, हे मला याहून नेमकं कुठल्या प्रवचनातून कळलेलं नाही. हापशासारखंच ते. एका दाबाला एक धार. पुढची हवी तर पुन्हा दाबायचं.

पुढे पाणीपुरवठ्याच्या कामात पडलो, तेव्हा हापशाचं कूळ कळलं. ओतीव लोखंडाचे जुने पंप एकेका कुटुंबापुरते घडवलेले. त्यांच्यावर सगळं गाव दिवसभर हापसायचं, मग ते मोडायचे. 1960च्या दशकात जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशननं आणि सोलापूरला स्वीडिश मिशनच्या वर्कशॉपनं मजबूत पोलादी पंप करून पाहिले. जालना म्हणजे आमच्या तालुक्यातून गोदावरी ओलांडली की लागणारा जिल्हा. सोलापूरचा पंप कुठल्या कॉलेजात न शिकलेल्या एका भारतीय मेकॅनिकच्या हातचा. त्याच्यावरूनच 1970च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारनं 'इंडिया मार्क 2' तयार करवला, आणि तो कुणीही बनवावा असा खुला ठेवला. 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे सुमारे 50 लाख हापसे बसले होते.

वर्कशॉपमधल्या त्या माणसांपुढे 50 लाख नव्हते. समोर एक मोडका पंप होता आणि पाण्यावाचून खोळंबलेलं एक गाव. योहानाच्या शुभवर्तमानातल्या पोरापुढे पाच हजारांची पंगत नव्हती. त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी नि दोन मासळ्या होत्या, त्या त्यानं दिल्या. या वाढीला मी योगायोग म्हणत नाही. मायच्या शब्दात ती बरकत आहे.

म्हणूनच 'एक द्या, देव तुम्हाला दहा देईल' असं व्यासपीठावरून ऐकलं की माझं मन दुखावतं. तो सौदा झाला. मायनं नंबर सोडला म्हणून आमच्या घागरी वाढल्या नाहीत. वाढ झाली ती दुसऱ्यांच्या घरात, आणि खरी वाढ तिकडेच व्हायची असते. दुसरी खंत आमच्या मंडळ्यांची. दानाचा विषय निघाला की गाडी इमारतीच्या नाहीतर मोठ्या देणगीच्या आकड्यापाशी अडते, आणि हातात असलेलं थोडकं तसंच राहून जातं.

आता बोअर खोल गेलेत, कितीतरी हापसे गंजत उभे आहेत. पण सगळेच काही आटलेले नसतात. पुष्कळ ठिकाणी खाली पाणी असतं, फक्त सिलिंडरमधले वायसर झिजलेले असतात. तेवढा खर्च एका रविवारच्या अर्पणातून निघतो. तुमच्या गावात असा बंद हापसा असेल, मग तो कुठल्याही आळीत असो, तर येत्या उपासनेनंतर जाणता मिस्त्री आणि चार माणसं घेऊन तिथं जा.