ब्रेक लागते, गाडी थांबत नाही

कोरपन्याहून गडचांदूरकडे निघालं की दोन्ही हातांना कापूस आणि तूर, आणि तुरीच्या वर डोकं काढून उभ्या सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या. आवारपूर, नांदा, उपरवाही, गडचांदूर हा सगळा टापू चुनखडीवर बसलेला. त्यामुळे रस्त्यावर राज्य बल्करचं आणि कोळशाच्या ट्रकचं. हे धूड समोर थांबलं की त्याच्या एअर ब्रेकचा फुस्सकन आवाज येतो. मागच्याने तेवढ्यात थांबायचं असतं. आमच्या जुन्या महिंद्रा जीपला ते जमत नसे.

जीप तशी गुणाची. चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाही, पेडल म्हणजे व्यायामशाळा. गावचा मिस्त्री वऱ्हाडी, हिंदी आणि तेलुगू एकाच वाक्यात बोलतो. हा मुलूख १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्याची ती खूण. एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, “भाऊ, ब्रेक त लागते, पण गाडी थांबत नाही.” यापेक्षा नेमकं निदान मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलेलं नाही.

ड्रमची मी निंदा करणार नाही. आतले दोन शू पसरतात आणि फिरत्या ड्रमला चिकटतात. ड्रम स्वतःच पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून घेतो आणि पकड आणखी घट्ट करतो. म्हणून तर बूस्टरशिवाय, निव्वळ पायाच्या जोरावर, इकडच्या काळीपिवळ्यांनी वर्षानुवर्षं माणसं वाहिली. आत कोंबून बसलेली, मागच्या पायरीवर लटकलेली, टपावर तांदळाचं पोतं आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. तेव्हा वेग कमी होता आणि समोरून येणारी गाडीही त्याच जातीची होती. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे गणित तेव्हाही होतंच. रस्ता खराब असल्यामुळे ते अंगावर येत नव्हतं. रस्ते सुधारले आणि जीप म्हातारी झाली.

ड्रमचं पितळ उघडं पडतं ते दोन ठिकाणी. एक जिवतीचा घाट. माणिकगडच्या डोंगरातून भरल्या गाडीने उतरताना दोन-तीन वळणांनंतर जळक्या लायनरचा वास येऊ लागतो. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब सरकतो. पेडल दर वळणाला थोडं जास्त खाली जातं आणि पाय उगाच सीटवरून उचलला जातो. दुसरं ठिकाण नाल्यावरचा रपटा. पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी भरतं, आणि मग जाणता ड्रायव्हर पुढे बराच वेळ ब्रेकवर हलका पाय ठेवून ते सुकवत जातो. डिस्कला हे दोन्ही जाच कमी. ती उघडीच फिरते, वारा लागतो, पाणी फेकून देते, तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते.

कल्पना काही कालची नाही. इंग्लंडात लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ साली घेतलं होतं. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार डिस्कच्या बळावर जिंकली, १९५५ साली सिट्रोएनच्या डीएसला पुढे डिस्क आल्या. आपल्याकडे मात्र कुर्ल्याची पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबेसेडर पुढची कितीतरी वर्षं ड्रमवरच धावल्या, आणि आपण त्यांच्यातून लग्नाची वऱ्हाडं नेली.

मिस्त्रीने पुढचा ड्रम हातोडीने चहूबाजूंनी ठोकत सैल केला. आतल्या काठाला झिजेने धारदार ओठ आलेला. तळाशी लायनरची पूड, रस्त्याची धूळ आणि सील फुटून आलेलं ग्रीस यांचा राखाडी काला. व्हील सिलेंडरचं रबर बोटाने दाबलं तर चिकट. हे उपसून त्या जागी बोलेरोची डिस्क आणि कॅलिपर बसवायचं, त्यासाठी जाड पत्र्याचं ब्रॅकेट कापायचं, रिमला कॅलिपर घासत नाही ना ते चाक हाताने फिरवून बघायचं. बहुतेकांना हेच काम वाटतं. चाकाच्या जाळीतून चकाकणारी डिस्क दिसली, फोटो काढला, झालं.

खरं काम तिथून सुरू होतं. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नाही, तिला दाब जास्त लागतो, म्हणजे बूस्टर आला. बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिन तो स्वतः देतं, डिझेल देत नाही, म्हणून अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप आला. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये ड्रमसाठी लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड कायम घासत राहतात आणि घरी पोचेपर्यंत चाक हात लावू देत नाही. शिवाय जुना मास्टर सिलेंडर एकाच खणाचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन खणांचा घातला तर निदान दोन चाकं तरी आपली राहतात. माझ्या मते सगळ्या खटाटोपात जीव वाचवणारी गोष्ट डिस्कपेक्षा हीच, पण ती बॉनेटखाली असते आणि फोटोत येत नाही.

शेवटी एअर काढणं. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत. गाडीखालून हुकूम येतो, “दाब. दाब. धर!” आणि बाटलीत बुडबुडे फुटतात. बुडबुडे संपेपर्यंत पेडलवर बसलेल्या पोराने चहाचं नाव काढायचं नाही. शेवटच्या ‘धर’ला पेडल पायाखाली दगडासारखं कडक लागलं.

नागपूरकडचे जुन्या गाड्यांचे शौकीन याला बाटवणं म्हणतात. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेजची वेगळी नोंदणी दिली आहे. ज्यांची गाडी प्रदर्शनात उभी राहायची आहे, त्यांनी ड्रम जपावा, त्यात शोभाही आहे. ज्यांची गाडी सोमवारच्या गर्दीत राजुऱ्याला जाते, त्यांनी हा सोवळेपणा हॉर्न, रंग आणि मीटरपुरता ठेवावा. फक्त मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल कडक आहे, तेव्हा काम काढण्याआधी चंद्रपूरच्या आरटीओत विचारून घ्यावं.

आणि पैसे मोजकेच असतील तर क्रम असा लावा: आधी मागच्या चाकांचे रबरी कप, गंजके पाइप आणि दोन खणांचा मास्टर सिलेंडर, मग डिस्क. रंगाचं पुढच्या कापसावर बघू.