फुंकरीतला आकडा

डोंबिवली (पूर्व)

प्रिय शुभा,

तुझा निरोप दोनदा ऐकला. तिकडे लीड्सला नर्सनं तुझ्याकडून एका नळीत फुंकून घेतलं, पडद्यावर 38 आकडा आला आणि ती नुसतं 'ठीक आहे' म्हणाली. मग तू मला विचारलंस, 'हे आपल्याकडे करतात का गं? आणि त्याचा खरंच काही उपयोग असतो का?' फोनवर हे बोलून संपायचं नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

करतात. ठाण्या-मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत आणि काही छातीच्या डॉक्टरांकडे ते यंत्र असतं. सगळे त्याला 'फेनो' म्हणतात. आमच्या वहिनीची चाचणी ठाण्यालाच झाली, मी सोबत गेले होते. तुला आठवत असेल, लग्न होऊन आली तेव्हापासून तिला दम्याचा त्रास आहे. दिवाळी आली की आमच्या पोटात गोळा येतो. फडके रोडवर पहाटे नटूनथटून जमायचं आपलं वेड अजून तसंच आहे, पण त्या दिवसांत फटाक्यांचा धूर थंड हवेत खालीच साचून राहतो आणि वहिनी खिडक्या लावून घरात बसते. त्यात आपलं हे गाव! एमआयडीसीच्या बाजूला 2014 च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला होता, 2020 च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला मुख्यमंत्र्यांना यावं लागलं. कल्याणचं आधारवाडीचं डम्पिंग 2021 मध्ये बंद झालं. त्याआधी तिथे आग लागली की वहिनी शाळेतल्या नोकरीवरून धापा टाकतच घरी यायची. आता ठाण्याला घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ आहेच.

चाचणीचं सांगते. पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी, तू केली आहेस, तिथे तो मुलगा ओरडत असतो, 'जोरात, जोरात, अजून, अजून, सोडू नका!' इथे बरोबर उलटं असतं. आधी सगळा श्वास बाहेर सोडायचा, नळी तोंडात धरायची, यंत्रातूनच छाती भरून श्वास घ्यायचा आणि मग निरांजन विझू न देता फुंकर घालावी तसं एकसारखं, सावकाश, दहा सेकंद सोडत राहायचं. सेकंदाला 50 मिलिलिटर असा तो वेग ठरलेला आहे. जोर वाढला किंवा कमी पडला तर यंत्र ती फुंकर घेतच नाही. फुंकताना नळीतून थोडा अडथळा जाणवतो, तोही मुद्दाम ठेवलेला असतो. त्यानं टाळूचा मागचा भाग वर उचलला जातो आणि नाकातली हवा मिसळत नाही. यंत्र जो वायू मोजतं तो नाकात खूप जास्त असतो, तो मिसळला तर आकडा फुगेल. आणि शुभा, मला सगळ्यात आवडलं ते हे, की श्वास आत घेतानाच यंत्र हवेतला तो वायू गाळून टाकतं. गाड्यांच्या धुरातही तोच वायू असतो ना! म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या गर्दीतून तू थेट आत गेलीस, तरी आकडा तुझ्या श्वासनलिकांचाच येतो.

वायूचं नाव नायट्रिक ऑक्साइड. हसवणारा वायू वेगळा, त्यात गोंधळ करू नकोस. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट बाबांच्या खिशात असायची, आठवते? तीही शरीरात गेल्यावर हाच वायू सोडते आणि रक्तवाहिन्या सैल करते. त्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना 1998 चं नोबेल मिळालं. श्वासातून हा वायू बाहेर पडतो हे 1991 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं आणि दोनच वर्षांनी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या मंडळींना तो दम्याच्या रुग्णांत जास्त सापडला. कारण असं, की अ‍ॅलर्जीच्या धाटणीची सूज श्वासनलिकेत आली की तिचं आतलं अस्तर हा वायू जास्त बनवायला लागतं. पंपातलं स्टेरॉइड ती सूज उतरवतं, त्याबरोबर आकडाही उतरतो. मोजमाप पीपीबीमध्ये, म्हणजे हवेच्या 100 कोटी रेणूंमागे या वायूचे किती. मोठ्या माणसांत 25 च्या खाली कमी, 50 च्या वर जास्त, अशी अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं 2011 मध्ये घातलेली रेघ आहे. तुझे 38 मधले. तिथे डॉक्टर आधीचा आकडा काय होता आणि त्रास किती आहे हे बघून ठरवतात, म्हणून नर्स एवढंच बोलली असणार. जाण्याआधी पालक किंवा बीट खाल्लं तर आकडा वाढतो, सिगारेटनं उतरतो. पीएफटीही त्याच दिवशी असेल तर फेनो आधी करून घे, जोरजोरात फुंकल्यावर आकडा खाली जातो.

आता वहिनीचं. दर हिवाळ्यात तिला ॲटॅक यायचा, दर वेळी पंपाचा डोस वाढायचा. तिला विचारलं की एकच उत्तर, 'बरी आहे मी.' खोटं नव्हतं ते. वर्षानुवर्षं थोडा थोडा दम लागत राहिला की माणसाला तेच सवयीचं होतं. डोंबिवली स्टेशनचा जिना चढून वर थांबणं, चालताना बोलणं टाळणं, हे तिला आजाराचं लक्षण वाटेनासंच झालं होतं. आपल्या घरांतल्या बायकांच्या बाबतीत तर हे फारच होतं. फेनो आला 74. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. त्यांनी तिला रोटाहेलर हातात घेऊन औषध घेऊन दाखवायला सांगितलं. कॅप्सूल नीट फुटत होती, पण ती इतकं हळू ओढायची की निम्मी पूड आतच राहायची. जोरानं, खोल ओढायचं आणि श्वास रोखून धरायचा, हे त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं. त्याच पंपावर, त्याच डोसवर पुढच्या खेपेला आकडा 31 वर आला. औषध लिहून दिलंय पण ते छातीत पोचतंय का, हे असं दुसरं काही इतक्या सहज सांगत नाही. माझ्या मते या चाचणीचा सगळ्यात मोठा गुण हाच.

उलटही असतं. ठाण्याला माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ, दम लागतो म्हणून त्यांचं स्टेरॉइड वाढत चाललं होतं. फेनो आला 17. मग डॉक्टरांनी स्टेरॉइडला हात न लावता वजन, ॲसिडिटी, हृदय, सगळं तपासायला घेतलं. आकडा कमी म्हणजे दमा नाहीच, असं मात्र समजू नकोस. लठ्ठपणातला किंवा सिगारेट ओढणाऱ्यांचा दमा पुष्कळदा या वायूत दिसत नाही.

तुझा दुसरा प्रश्न, उपयोगाचा. हे मी नीट वाचून काढलंय. 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात मोठ्या माणसांवरचे सात अभ्यास एकत्र केले होते, सुमारे 1,700 रुग्ण. निम्म्यांचं औषध नेहमीसारखं लक्षणं पाहून, निम्म्यांचं फेनोचा आकडा पाहून ठरवलं. आकड्यावर चालणाऱ्यांना ॲटॅक कमी आले: बारा जणांचा वर्षभर असा उपचार केला तर एकाचा ॲटॅक टळतो, असा हिशोब निघाला. पण रोजच्या खोकल्यात, झोपमोडीत, जगण्यात फारसा फरक दिसला नाही आणि स्टेरॉइडचा डोसही कमी झाला नाही. म्हणून ज्यांना पुन्हा पुन्हा ॲटॅक येतात त्यांना याचा फायदा जास्त. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला 220 गरोदर बायकांवरचा अभ्यास 2011 मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, त्यात तर ॲटॅक निम्म्याहून कमी झाले. तुझी भाची आता आई होणार आहे ना, आणि तिलाही दमा आहे? तिला हे जरूर कळव. तुमच्याकडच्या नाइस वगैरे संस्थांनी 2024 च्या नोव्हेंबरमध्ये एकत्र नियमावली काढली, त्यातही मोठ्यांच्या नेहमीच्या तपासणीत आणि औषध बदलण्याआधी-नंतर फेनोचा विचार करा असं म्हटलंय.

पण डोंबिवलीत बसून मला आधी वेगळंच हवंय. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी 42 टक्क्यांहून जास्त आपल्याकडे होतात, असं जागतिक आजारभाराच्या अभ्यासाचे आकडे सांगतात. ही तफावत महागड्या यंत्राअभावी पडलेली नाही. 'पंपाची सवय लागते' या एका वाक्यानं माणसं घालवली आहेत. निळा पंप पर्समध्ये ठेवायचा, लोकलच्या गर्दीत जीव घाबरला की दोन पफ मारायचे आणि रोजचा स्टेरॉइडचा पंप नकोच म्हणायचं, हे सर्रास चालतं. निळ्यानं नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतात, सूज तशीच राहते. म्हणून 2019 पासून जागतिक मार्गदर्शनातही मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असंच सांगतात. कोजागरीला कितीतरी ठिकाणी खिरीतून दम्याचं औषध देतात, रांगा लागतात. जाणाऱ्यांच्या श्रद्धेला मी काही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पंप बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचा मला खरंच राग येतो.

फेनोचं यंत्र गल्लीतल्या दवाखान्यात यायला वेळ लागेल. सेन्सर ठरावीक चाचण्यांनंतर बदलावा लागतो, तो खर्च कोण करणार? पीक फ्लो मीटर मात्र काही शे रुपयांत मिळतो. मार्टिन राइट यांनी 1959 मध्ये पहिला बनवला तेव्हा ते मोठं यंत्र होतं, आता प्लास्टिकची नळी आहे. सकाळ-संध्याकाळ तीनदा जोरात फुंकायचं, मोठा आकडा वहीत लिहायचा. आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांच्या वर असलं की ठीक, 50 ते 80 मध्ये सावध, 50 च्या खाली गेलं की थेट डॉक्टर. हा सूज मोजत नाही, नळ्या किती आवळल्यात ते सांगतो. पण रोज सांगतो आणि घरातच. दम्याची गोळी लिहून देणाऱ्या प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर तो असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत झालंय. वहिनीची वही माझी भाचीच भरते, आईला विसरू देत नाही.

एक काम कर. तुझ्या नर्सनं तुला लेखी आराखडा दिलाय म्हणालीस, आकडा किती झाला की कुठलं औषध किती वाढवायचं आणि कधी धावायचं याचा. त्याचे फोटो पाठव. माझी भाची त्याचा मराठीत तक्ता करणार आहे, वहिनीच्या डॉक्टरांना दाखवून त्यात तिची औषधं भरून घेऊ. पुढची तपासणी महिनाअखेरीला आहे, त्याआधी मिळाले तर बरं.

तुझी,
नीला