पातळ कवचावरची वाट

ज्या भूमीत डोळ्यांना दिसणारी जमीन आणि पाय पेलणारी जमीन एकच असेल याची खात्री नसते, त्या भूमीत वाटाड्या हा केवळ स्थळांची माहिती सांगणारा माणूस राहत नाही. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील रोटोरुआचा परिसर हा अशा भूमीचा विख्यात नमुना आहे. तेथून सकाळी दहा-बारा प्रवाशांना घेऊन लहान गाड्या निघतात, ज्वालामुखीच्या आणि भूऔष्णिक, म्हणजे भूगर्भातील उष्णतेने घडविलेल्या, प्रदेशांतून दिवसभर हिंडतात आणि संध्याकाळी परत येतात. या एका दिवसात प्रवाशांना दिसते ते पुष्कळ असते. पण वाटाड्या त्यांना ज्यापासून दूर ठेवतो त्याची व्याप्ती त्याहून मोठी असते, आणि या व्यवसायाचे खरे कौशल्य दाखविण्यापेक्षा आवरण्यात आहे, हे दिवस चढत जातो तसे ध्यानात येऊ लागते.

प्रथम भेटतो तो वास. हायड्रोजन सल्फाइड या वायूचा, नासलेल्या अंड्याची आठवण करून देणारा हा वास रोटोरुआच्या रस्त्यांवर, बागांत, घरांच्या अंगणांत सर्वत्र भरून असतो, आणि नवागताला तो असह्य वाटतो न वाटतो तोच नाहीसा होतो. वायू अर्थातच तेथेच असतो. थकलेले असते ते नाक. अनुभवी वाटाडे ही गोष्ट आरंभीच सांगून टाकतात, आणि ते योग्यच आहे, कारण पुढे दिवसभर प्रवाशाला आपल्या इंद्रियांवर किती विसंबावे याचा हिशेब सतत मांडावा लागणार असतो.

या प्रदेशाचे शास्त्र थोडक्यात असे. उत्तर बेटाच्या पूर्वेस पॅसिफिक भूपट्ट ऑस्ट्रेलियन भूपट्टाखाली सरकत जातो; भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य कवचाचा विशाल, संथपणे हलणारा तुकडा. खाली जाणारा हा तुकडा आपल्याबरोबर समुद्राचे पाणी मुरलेले खडक नेतो, त्यांतील पाणी खोलवर बाहेर पडून वरच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, शिरते, त्यामुळे तेथील खडकांचा वितळबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. त्याच वेळी या भागातील कवच ताणले जाऊन पातळ होत असल्याने शिलारसाची उष्णता पृष्ठभागाच्या फार जवळ येते. दक्षिणेकडील रुआपेहू पर्वतापासून ईशान्येच्या समुद्रातील फाकारी या ज्वालामुखी बेटापर्यंत गेलेल्या या पट्ट्याला ताउपो ज्वालामुखी क्षेत्र म्हणतात.

माओरी परंपरेने हाच पट्टा फार पूर्वी आपल्या पद्धतीने रेखाटून ठेवला आहे. ते आरावा या नौकेतून आलेला नातोरोइरांगी हा पुरोहित टोंगारिरो पर्वतावर चढला असता हिमवाऱ्याने गोठू लागला, तेव्हा त्याने दूरच्या हवाइकी या मूळभूमीत राहिलेल्या आपल्या बहिणींना अग्नी पाठविण्यासाठी हाक दिली. अग्नी समुद्राखालून आणि भूमीखालून धावत आला, फाकारीपाशी प्रकटला, पुढे रोटोरुआच्या परिसरात जेथे जेथे त्याने डोके वर काढले तेथे तेथे उष्ण झरे उरले, आणि शेवटी तो टोंगारिरोला पोहोचला. कथेतील थांबे नकाशावर जोडले तर भूशास्त्रज्ञांनी आखलेल्या पट्ट्याचीच दिशा मिळते. यातून पूर्वजांना भूपट्टांचे ज्ञान होते असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मात्र विखुरलेले झरे परस्परांपासून तुटक नसून खालून एकच काहीतरी चालले आहे, हे निरीक्षण या कथेत निःसंशय आहे.

सहलीचा पहिला मोठा थांबा बहुधा वाइ-ओ-तापू येथे असतो, आणि तो सव्वादहाच्या आत गाठावा लागतो, कारण लेडी नॉक्स हा गायझर, म्हणजे अधूनमधून उसळणारा उष्ण पाण्याचा फवारा, रोज सव्वादहाला उडतो. निसर्गाच्या या वक्तशीरपणाचे रहस्य साबणात आहे. 1901 मध्ये तेथील खुल्या तुरुंगातील कैदी या झऱ्यावर कपडे धूत असताना साबण पाण्यात गेला आणि पाणी एकाएकी उसळले, असे सांगतात. पुढे त्यांनीच मुखाभोवती दगड रचून फवाऱ्याची उंची वाढविली. गायझरच्या पोटात खालचे अतितप्त पाणी वरच्या थराच्या भाराखाली दबलेले असते आणि त्या दाबामुळेच उकळत नाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थरांचा तोल बिघडतो, थोडे पाणी सांडते, दाब उतरतो आणि उरलेले क्षणार्धात वाफ होऊन उसळते. आजही एक कर्मचारी जमलेल्या प्रेक्षकांसमोर साबण टाकतो आणि थोड्याच वेळात पाणी दहा ते वीस मीटर उंच जाते. या प्रयोगाला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. तथापि येथे फसवणूक नाही, कारण साबण सर्वांच्या देखत पडतो. खटकते ते इतकेच की, भूमीला वेळापत्रक लावता येते अशी समजूत घेऊन माणूस पुढच्या थांब्याकडे निघतो.

त्या समजुतीला उतारा तेथूनच जवळ आहे. शॅम्पेन पूल हे सुमारे 65 मीटर व्यासाचे कुंड सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या एका जलतापीय स्फोटाने, म्हणजे भूगर्भातील पाण्याची अचानक वाफ होऊन झालेल्या स्फोटाने, निर्माण झाले. त्याचे पाणी पृष्ठभागाशी सुमारे 74 अंश सेल्सिअस असते, आणि तरीही त्यातून सतत वर येणारे बुडबुडे उकळण्याचे नसून कार्बन डायऑक्साइडचे असतात. त्याच्या काठाची ती प्रसिद्ध केशरी किनार आर्सेनिक आणि अँटिमनी यांच्या सल्फाइडांची आहे. तिच्यात सोन्याचांदीचेही अंश सापडतात. विषाने इतका सुंदर काठ विणावा, यावर लेखकांनी आजवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. अधिक लक्ष द्यावे ते काठाजवळच्या फिकट, कोरड्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या जमिनीकडे. गंधकयुक्त वाफेपासून बनलेले आम्ल खडकाला आतून खाऊन त्याची माती करते. जेथे पाणी पुरेसे असते तेथे त्या मातीचे डबके होऊन ते चुलीवरच्या पिठल्यासारखे रटरटत राहते आणि पाहणाऱ्याला आपोआप सावध करते, पण जेथे वरचा थर वाळलेला असतो तेथे खाली पोकळी आहे की कढत चिखल, हे सांगणारी कोणतीही खूण नसते. आखलेली वाट आणि लाकडी फळ्यांचा मार्ग सोडू नये, हे वाक्य वाटाड्या दिवसात अनेकदा उच्चारतो. समूह लहान असण्याचा खरा लाभ येथे कळतो: ते वाक्य शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते, आणि तो माणूस कोठे रेंगाळला आहे हे मागे वळताच दिसते.

सांगूनही न ऐकणे किंवा ऐकूनही न उमजणे याचा इतिहास वाइमांगूच्या दरीत आहे. 1900 पासून 1904 पर्यंत तेथे जगातील सर्वांत उंच गायझर उडत असे. काळ्या चिखलाचे आणि दगडांचे त्याचे लोट चारशे मीटरांवर गेल्याच्या नोंदी आहेत. 30 ऑगस्ट 1903 रोजी तो अनपेक्षित जोराने उसळला आणि जवळ उभ्या असलेल्या चौघांना कढत लोंढ्याने वाहून नेले. त्यांपैकी एक होता जो वॉरब्रिक, 1888–89 मध्ये न्यूझीलंडच्या नेटिव्ह रग्बी संघाचे परदेशी दौऱ्यात नेतृत्व केलेला आणि त्या दिवशी वाटाड्याचे काम करीत असलेला. पुढल्याच वर्षी गायझर थंडावला. आज त्या दरीत फ्राइंग पॅन हे वाफाळते सरोवर आहे, तसेच इन्फर्नो हे निळसर विवर आहे, ज्याचे पाणी सुमारे अडतीस दिवसांच्या चक्रात भरते आणि ओसरते. या चक्राला मात्र कोणी साबण घालीत नाही.

ही संपूर्ण दरी 10 जून 1886 च्या रात्री जन्माला आली. मध्यरात्रीनंतर तारावेरा पर्वत सुमारे 17 किलोमीटर लांबीच्या भेगेने फाटला, ती भेग रोटोमाहाना सरोवरातून या बाजूस आली, आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मराठी वाचकाला येथे एक ओळखीची गोष्ट सापडते. तारावेराचे जुने घुमट रायोलाइट या फिकट, सिलिकाबहुल खडकाचे असले तरी त्या रात्री भेगेतून आला तो बेसाल्ट होता, सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा तोच. दख्खनचे पठारही सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांतून आलेल्या लाव्हाच्या थरांनी रचले गेले. परंतु तो लाव्हा बहुतांशी पसरत गेला, तर तारावेराचा स्फोटाने चूर होऊन आकाशात गेला आणि सरोवराच्या पाण्याशी गाठ पडताच अधिकच भडकला. वज्रेश्वरीच्या कुंडांत किंवा कोकणातील उन्हाळ्यांत, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांत, स्नान करणारा मनुष्य त्या प्राचीन आगीची ऊब घेत नसतो. ती आग केव्हाच निवाली आहे, आणि तेथील पाणी कवचातील भेगांतून खोल जाऊन, खोलीवरील नैसर्गिक उष्णतेने तापून वर आलेले असते.

रोटोमाहानाच्या काठी त्या रात्रीपर्यंत गुलाबी आणि शुभ्र सोपान होते: उष्ण पाण्यातून साचलेल्या सिलिकाच्या, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणाऱ्या कुंडांच्या दोन रांगा. त्या पाहण्यासाठी युरोपातून प्रवासी येत. ते वाइरोआ गावातून होडीने तारावेरा सरोवर ओलांडून, मग काही अंतर पायी जाऊन सोपानांपर्यंत पोहोचता येई, आणि ही सारी व्यवस्था तुहोउरांगी या माओरी समाजाच्या हाती होती. होडीचे, वाटाड्याचे, इतकेच काय छायाचित्रे काढण्याचेही शुल्क ते घेत, आणि त्याबद्दल त्या काळच्या गोऱ्या पाहुण्यांनी कुरकुर केली आहे. दुसऱ्याच्या अंगणात फुकट हिंडण्याची सवय लागलेल्यांची ती कुरकुर होती. या वाटाड्यांत सर्वांत प्रसिद्ध होती सोफिया हिनेरांगी. उद्रेकापूर्वी 31 मे रोजी ती प्रवाशांना घेऊन निघाली असता सरोवरावर एक अनोळखी माओरी युद्धहोडी दिसली आणि नाहीशी झाली, ही कथा आजही प्रत्येक सहलीत सांगितली जाते. त्याच सकाळी काठाचे पाणी ओसरून पुन्हा वेगाने चढल्याची नोंद मात्र कथेच्या कोपऱ्यात राहते, वास्तविक वाटाड्याच्या नजरेला तीच अधिक महत्त्वाची. उद्रेकाच्या रात्री राख आणि चिखल कोसळत असताना सोफियाच्या भक्कम, उताराच्या छपराच्या घरात साठाहून अधिक माणसांनी आश्रय घेतला आणि ती वाचली. सोपान मात्र गेले. रोटोमाहाना पुढे पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे होऊन भरले. सोपानांचे काही अवशेष त्याच्या तळाशी आहेत की काठावरच्या राखेखाली, यावर संशोधकांत आजही मतभेद आहेत, आणि प्रवाशांची नौका ज्या पाण्यावरून जाते तेथे सोपानांच्या जागी वाटाड्याला केवळ बोट दाखविता येते.

वाटाड्याचे ज्ञान सर्व प्रसंगी पुरते, असे मात्र मानता येत नाही. 9 डिसेंबर 2019 रोजी दुपारी फाकारी बेटावर 47 माणसे असताना उद्रेक झाला आणि 22 जण दगावले. मृतांत पाहुण्यांबरोबर वाटाडेही होते. ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी त्यापूर्वीच वाढविलेली होती. आवरण्याचे कौशल्य म्हणजे पाऊल कोठे टाकू नये हे सांगणे एवढेच नव्हे. कधी काठावरूनच परत फिरावे लागते, आणि ज्या दिवसाचे पैसे आधीच घेतलेले असतात त्या दिवशी असे परत फिरणे सर्वांत अवघड असते.

तारावेराच्या उद्रेकानंतर तुहोउरांगींपैकी अनेकजण फाकारेवारेवा येथे वसले, आणि दिवसाचा शेवट पुष्कळदा त्या गावात होतो. तेथे आजही कुटुंबे वाफेवर अन्न शिजवितात आणि झऱ्याच्या पाण्यात स्नान करतात. शेजारी पोहुतू गायझर दिवसातून अनेकदा तीस मीटरांपर्यंत उसळतो. शहरातील घरांना आणि हॉटेलांना ऊब देणाऱ्या विंधनविहिरींनी या क्षेत्राचा दाब उतरविला, तेव्हा 1980 च्या दशकाच्या अखेरीस शासनाने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतील विहिरी बंद करविल्या आणि झरे हळूहळू सावरले. याच ज्वालामुखी क्षेत्रातील वाइराकेईला हे भाग्य लाभले नाही: तेथे 1958 मध्ये भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि जवळची गायझर दरी निमाली.

फाकारेवारेवाच्या मॅगी पापाकुरा, म्हणजे माकेरेती, यांनी 1901 मध्ये भावी राजा पाचवा जॉर्ज आणि त्याची पत्नी यांना तेथील झरे दाखविले, आणि वर्षानुवर्षे परक्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत त्या जगभर प्रसिद्ध झाल्या. उतारवयात ऑक्सफर्डला मानववंशशास्त्र शिकत असताना त्यांनी आपल्या लोकांविषयी ग्रंथ लिहावयास घेतला. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1938 मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाहुण्यांनी त्यांना फवाऱ्यांची उंची आणि पाण्याचे तापमान विचारले होते. ग्रंथात त्यांनी लिहिले ते कुळांविषयी, विवाहाविषयी, मुलांच्या संगोपनाविषयी, अन्नाविषयी आणि घरांविषयी.