मूळ उंची

शिरूर तालुक्यात जुनी पिकअप गाडी सहसा कोणी विकत नाही. विकायला काढली तर हाती येणारी रक्कम तुटपुंजी असते, आणि तिच्यावाचून एक दिवसही भागत नाही. कांद्याच्या दिवसांत कांदा, पेरणीच्या तोंडावर खताच्या गोण्या, उन्हाळ्यात पाण्याची टाकी, लग्नसराईत मांडवाचे बांबू, आणि अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर आधी तिचीच आठवण होते. आमच्या घरी अशी २००९ सालची महिंद्रा पिकअप आहे. माझा पुतण्या ती चालवतो. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिच्या कागदपत्रांचे आणि डागडुजीचे खाते माझ्याकडे आले आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर ही गाडी मागून बसू लागली. हौदा रिकामा असला तरी ओझे घेऊन उभी असल्यासारखी दिसे, आणि तीही उजव्या अंगाला कललेली. न्हावऱ्याहून शिरूरला येताना प्रत्येक गतिरोधकावर हौद्याखालून धाडकन आवाज येई. रात्रीच्या वेळी समोरून येणारे चालक दिव्यांची उघडझाप करून आपली नाराजी कळवीत. त्यांचा राग रास्त होता. मागचे अंग खाली गेले की पुढचे दिवे वर पाहू लागतात आणि त्यांचा झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

दोष पाट्यांचा होता, हे गावात सांगावे लागत नाही. एकाखाली एक रचलेल्या, लांबीने उतरत जाणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानीला आमच्याकडे मिस्त्रीपासून हमालापर्यंत सगळे ‘पाटे’च म्हणतात. वर्षानुवर्षे भार वाहून त्यांचा बाक निघून गेला होता आणि उजवीकडचा एक पाटा मधोमध तडकला होता. शॉकॲब्सॉर्बरमधूनही तेल पाझरत होते. काही जणांनी केवळ तेच बदलण्याचा सल्ला दिला. पण शॉकॲब्सॉर्बर गाडीचे हेलकावे आवरतो, तिचे वजन तो पेलीत नाही. बसलेली गाडी त्याने उठत नाही.

उरलेल्या सगळ्यांचा सल्ला मात्र एकच होता: “गुरुजी, दोन पाटे वाढवून घ्या.” आमच्या भागात हे इतके रुळलेले आहे की त्यात काही वावगे आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. जुन्या संचात दोन जाड पाटे जास्तीचे घातले की गाडी मागून वीतभर उचलली जाते, टोळासारखी दिसू लागते, आणि दीडपट माल भरला तरी बसत नाही. खर्च थोडा, काम एका दिवसाचे.

पुतण्याचेही तेच म्हणणे होते, आणि त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. नोंदणीच्या कागदावर आमच्या गाडीची भारमर्यादा सव्वा टनाच्या आसपास आहे. म्हणजे पन्नास किलोच्या पंचवीस गोण्या. “काका, पंचवीस गोण्यांची पट्टी डिझेलमध्ये आणि हमालीत जाते. चाळीस नेल्या तरच हातात काही उरते,” असे तो म्हणाला. त्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क बसले आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. त्या हंगामात आमच्या चाळीतला कांदा कोणत्या भावाने गेला, ते त्याने वहीत लिहून ठेवले आहे. अशा माणसाला ‘लोभ करू नकोस’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखेच. त्यामुळे मी उपदेश टाळला आणि गाडीबद्दलच बोललो.

माझे एक मामा दौंडला रेल्वेत होते. पुणे-सोलापूर मार्गाला मनमाडचा फाटा १८७८ साली जोडला गेला आणि दौंड जंक्शन झाले. तेव्हापासून त्या गावातील कित्येक घरे रेल्वेच्या पगारावर उभी राहिली. मामा डबे तपासणाऱ्यांपैकी होते. गाडी फलाटाला लागली की एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याची हातोडी घेऊन ते वाकून चालत जात. लहानपणी सुटीत मी त्यांच्याबरोबर जाई. चाकावर हातोडी मारून ते आवाज ऐकत आणि मग कंदिलाचा उजेड डब्याखालच्या पाट्यांवर धरीत. मालडब्यांना त्या काळी आमच्या पिकअपसारखेच, पण कितीतरी जाड पाटे असत. एखादा तुटलेला पाटा दिसला की डबा गाडीतून काढला जाई. मग आतल्या मालाचा धनी कितीही तळमळो. मी एकदा विचारले, “मामा, आणखी एक पाटा घालून चालणार नाही का?” ते म्हणाले, “अरे, किती भरले आहे ते पाटाच सांगतो. त्याचे तोंड बंद केलेस तर मला कोण सांगणार?”

पुढे शाळेत पदार्थविज्ञान शिकवताना मामांच्या त्या बोलण्याची शास्त्रीय बाजू मला उमगली. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली आपला स्प्रिंगचा नियम अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि दोन वर्षांनी ते कोडे स्वतःच सोडवून दाखविले. स्प्रिंगवर जितका भार, तितकी ती दबते. भार दुप्पट तर दबणे दुप्पट. स्प्रिंगच्या तराजूतील काटा याच नियमावर चालतो. म्हणजे गाडीचे पाटे हाही एक तराजूच होय. हौदा धुऱ्याच्या किती जवळ आला आहे, यावरून गाडीत किती ओझे आहे ते कळते.

आणि हे केवळ पाहणाऱ्यालाच कळते असे नाही, गाडीलाही कळते. आमच्या पिकअपच्या चासीला मागच्या बाजूस एक लहानसा ब्रेकचा व्हॉल्व्ह आहे आणि त्याची दांडी मागच्या धुऱ्याला जोडलेली आहे. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांच्या ब्रेकला अधिक दाब जाऊ देतो. गाडी रिकामी असली की तो दाब कमी करतो. नाहीतर हलकी झालेली मागची चाके ओल्या रस्त्यावर जागीच अडकून गाडी आडवी व्हायची. पुतण्याला गाडीखाली नेऊन मी ही दांडी दाखविली. रोज गाडी चालवूनही तिचे काम त्याला ठाऊक नव्हते. मिस्त्रीला ठाऊक होते, पण त्याला कोणी विचारले नव्हते.

आता वाचकांनीच विचार करावा. पाटे बसलेले असले, तर रिकामी गाडीही भरलेली असल्याचा खोटा निरोप ब्रेकला जातो. दोन पाटे वाढविले, तर चाळीस गोण्या भरल्या तरी चासी उंचच राहते आणि ‘गाडी हलकी आहे’ असा उलटा, त्याहून घातक निरोप जातो. मागच्या ब्रेकला सर्वांत जास्त जोर हवा, नेमका तेव्हाच तो मिळत नाही, आणि दोन टनांचे ओझे थांबविण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकांवर येऊन पडते. शिक्रापूर-चाकण रस्त्यावर पुढचा कंटेनर अचानक थांबतो, तेव्हा या हिशेबाला वहीत जागा नसते. शिवाय वाढीव पाट्यांनी फक्त पाटेच बळकट होतात. धुरा, बेअरिंग, टायर, चासीचे जोड हे सारे सव्वा टनाचेच राहतात.

कायद्याचे दोन शब्द येथेच सांगून टाकतो. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. जादा भारासाठी कलम १९४ खाली २०१९ च्या दुरुस्तीपासून वीस हजार रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी दोन हजार, असा दंड आहे. पुतण्याला दंडाची धास्ती फारशी वाटली नाही. त्या दांडीने मात्र तो गप्प झाला.

तेव्हा ठरले ते असे: गाडी उचलायची नाही, ती जशी कारखान्यातून आली तशी करायची. हे ऐकायला सोपे वाटते, परंतु मूळ उंची किती, हे आधी कळायला हवे. जवळच्याच वस्तीवर त्याच बनावटीची, फारसा माल न वाहिलेली एक गाडी होती. ती सपाट जागी रिकामी उभी करून, चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतचे अंतर आम्ही दोन्ही बाजूंनी मोजले. आमची गाडी डावीकडे दीड आणि उजवीकडे अडीच इंच खाली भरली.

जुन्या पाट्यांना ठोकून पुन्हा बाक देण्याचा एक स्वस्त मार्ग होता. मिस्त्रीने तो स्वतःच मोडीत काढला. पोलादाला योग्य ताव आणि पाणी दिल्याशिवाय नुसता ठोकलेला बाक फार दिवस टिकत नाही, आणि तडकलेल्या पाट्याला तर तो द्यायचाच नसतो. म्हणून मूळ मापाचे संपूर्ण संच आणले, तेही दोन्ही बाजूंचे. एकच बाजू बदलली तर गाडी कललेलीच राहते. त्यांच्याबरोबर नवे बुश, शॅकल, शॉकॲब्सॉर्बर आणि नवे यू-बोल्ट घेतले. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळला की त्याचे आटे ताणले जातात. तो पुन्हा वापरू नये. बिलाचा आकडा वाढीव पाट्यांच्या कित्येक पट झाला. तो माझ्या निवृत्तिवेतनातून गेला आणि त्याबद्दल घरात दोन दिवस अबोला होता, हेही लिहिले पाहिजे.

काम पाहण्यासारखे होते. चासी भक्कम घोड्यांवर घेऊन चाके काढली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही, याविषयी मिस्त्री फार कडक. नवा संच धुऱ्यावर बसविताना सेंटर बोल्टाचे डोके नेमके खाचेत जावे लागते, नाहीतर धुरा तिरपा होतो आणि गाडी एका बाजूला ओढते. बुशांचे बोल्ट मात्र त्याने हातानेच फिरवून सोडून दिले. मी कारण विचारले. गाडी लटकत असताना ते आवळले, तर चाके जमिनीला टेकताच बुशांतील रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. गाडी खाली उतरवून, तिचे स्वतःचे वजन पाट्यांवर आल्यानंतरच त्याने ते बोल्ट घट्ट केले. शेवटी त्या व्हॉल्व्हच्या दांडीतील साचलेली माती काढून ती मोकळी हलते की नाही, ते पाहिले. पुन्हा माप घेतले तेव्हा दोन्ही बाजूंत दोन सुतांचाही फरक नव्हता.

पुतण्या आता सत्तावीस-अठ्ठावीस गोण्या नेतो. त्या दोन-तीन गोण्यांवरून आमचा वाद अजून चालू आहे. शेजारच्या दोघा शेतकऱ्यांशी त्याने खेपा वाटून घेतल्या आहेत. परतीच्या खेपेला तो पुण्याहून भुसाऱ्याचा माल आणतो; त्यामुळे रिकामी फेरी टळते. चाळीस गोण्यांची बरोबरी याने होत नाही, असे तो म्हणतो, आणि त्याची वही पाहता ते खरे आहे. पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घेण्यास मिस्त्रीने बजावले होते. ते मात्र माझ्या आठवणीची वाट न पाहता त्याने आपणहून केले.

जुने पाटे गोठ्यामागे पडून होते. एके सकाळी गावचा लोहार ते मागायला आला. ऊसतोडीच्या कोयत्यांना पाट्यासारखे पोलाद नाही, असे तो सांगतो. तडकलेला पाटा त्याने भेगेवरच दोन तुकडे करून नेला आणि मजुरी म्हणून आमच्यासाठी एक विळा ठेवून गेला. उरलेल्या पाट्यांचे दोन कोयते करून दे, असे पुतण्याने त्याला सांगितले आहे.