लाल तांबं लागेपर्यंत

महाळुंग्यात साचणाऱ्या पाण्याला पावसाचा वास नसतो. त्यात डिझेल असतं, सिमेंट असतं, ट्रेलरच्या चाकांखाली दळली गेलेली माती असते. तळेगाव-चाकण रस्त्याच्या कडेला ते साचतं, काळं पडतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. माझ्या जुन्या जीपच्या वायरिंगसाठी मला या पाण्याची जेवढी धास्ती वाटते, तेवढी भोरगिरीकडच्या ओढ्यांची वाटत नाही.

ओढा दिसायला भयंकर असतो. बंपरवर पाणी आदळतं, पायाशी गार ओल येते, स्टिअरिंग क्षणभर हलकं होतं आणि काळीज वर येतं. पण ते पाणी नुकतंच डोंगरावरून उतरलेलं असतं, त्यात क्षार फारसे नसतात. पाण्यातून वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. रस्त्याकडेच्या डबक्यात त्यांना काय तोटा! ते पाणी वायरीच्या जोडात शिरलं, की वाळल्यावरही आपला थर मागे ठेवून जातं, आणि पुढच्या ओलसर सकाळी तो थर पुन्हा जागा होतो.

माझी जीप महिंद्राची एमएम ५४०. डिझेल. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हीटरने सिलिंडर तापले, सेल्फ बसला, की पुढे ते आपल्या दमावर चालतं. जुन्या पेट्रोल जीपचं तसं नव्हतं. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरली की ठिणगी भलत्याच वाटेने जायची आणि गाडी ऐन पाण्यात उभी राहायची. म्हणून जाणती माणसं पाण्यात उतरण्याआधी फॅनचा पट्टा सैल करत, म्हणजे पातं इंजिनवर पाणी उडवणार नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपची वायरिंग ६ व्होल्टची होती. समुद्रातून किनाऱ्यावर उतरवायची तर तिच्या इग्निशनला जलरोधक लेप फासावा लागे. १९५० च्या सुमारास अमेरिकी लष्कराने एम-३८ ही जीप घेतली, तिच्यात २४ व्होल्टची, सीलबंद इग्निशन होती. महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतलेल्या जीपचं घराणं हेच; पण नागरी गाड्यांच्या वाट्याला ती सीलबंद वायरिंग आली नाही.

डिझेल जीप ओढ्यातून सुखरूप बाहेर येते, आणि गोम तिथेच आहे. गाडी चालली म्हणजे सगळं ठीक आहे, असं वाटतं. आषाढात शिरलेली ओल भाद्रपदात बोलायला लागते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. हॉर्नचा घसा बसतो. हेडलाइट लावले की डॅशबोर्डवरचे काटे थरथरतात. नवखा माणूस बल्ब बदलतो, मग स्विच, मग फ्लॅशर, दोष तसाच.

महाळुंग्यात एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत एका मिस्त्रींचं शेड आहे. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, रस्ता जरा श्वास घेतो, तेव्हा मी त्यांच्याकडे जातो. त्यांची पद्धत ठरलेली. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. मग चिखल साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचा. प्रेशरचा पंप जोडांवर मारायचा नाही. मग सुकू द्यायचं, ऊन नसेल तर दोनशेचा बल्ब जवळ टांगून. एवढं होईपर्यंत ते कशालाही हात लावत नाहीत. कुणी घाई केली की म्हणतात, "दादा, दिव्याचं नंतर बघू. आधी अर्थ बघू."

जुन्या गाडीत दिव्याकडे करंट नेणारी वायर असते, पण परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. मागच्या दिव्याचा अर्थ चेसीला जिथे स्क्रूने आवळलेला असतो तिथे गंज चढला, की ती वाट बंद होते. मग ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या तारेतून परतायला बघतो, आणि नको तो दिवा मिणमिणतो. मिस्त्री स्क्रू काढतात, थिंबल बाजूला करतात आणि पॉलिश पेपरने पत्रा घासतात. आधी तपकिरी भुकटी पडते, मग करडा डाग, मग रुपयाएवढी पांढरी चकाकी. दातेरी वॉशर घालून थिंबल पुन्हा आवळतात आणि वरून ग्रीसचा थर देतात. इंजिनपासून बॅटरीपर्यंतच्या जाड पट्टीलाही तोच न्याय. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक इंजिनवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर धरलं आणि अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर ती पट्टी काढून नवी घालायची.

वायरीचं दुखणं याहून खोल. मिस्त्री आवरण सोलतात तेव्हा आत हिरवं दिसतं. पितळेच्या भांड्यात ठेवलेलं ताक कळकावं, तसं तांबं कळकलेलं असतं. थोडं मागे सोललं की हिरवं संपून काळं लागतं. पाणी आवरणाखालून, तंतूंच्या फटींतून वर चढत गेलेलं असतं. ज्या वायरीत सतत करंट, तिथलं तांबं तर झपाट्याने झिजतं. काळ्या तांब्याला डाग धरत नाही. त्यावर टेप गुंडाळणारे पुष्कळ आहेत, आणि तो टेप ओल आतच कोंडून ठेवतो. मिस्त्री कापत मागे जातात, इंच इंच, लाल तांबं लागेपर्यंत. कधी वीतभर वायर टाकून द्यावी लागते. मग नवा तुकडा, पक्का क्रिम्प, वर आतून डिंक असलेली स्लीव्ह, ती तापवून आवळायची. वायर कनेक्टरमध्ये जाण्याआधी खाली एक झोळ ठेवायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून पडतं, आत शिरत नाही. हा झोळ फुकट आहे, आणि माझ्या मते सगळ्या वायरिंगमधली ती सर्वांत शहाणी गोष्ट आहे.

बोटींच्या वायरीत तांब्याच्या प्रत्येक तंतूवर कथलाचा मुलामा असतो, हे मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते हातातलं काम थांबवून म्हणाले, "म्हणजे कल्हईच की!" तेव्हापासून जीपच्या मागच्या दिव्यांना तीच वायर आहे.

याच महाळुंग्यात बजाजचा कारखाना आहे; निघोजे, कुरुळी, खराबवाडीच्या अंगाला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा आहेत. तिथून निघणाऱ्या गाड्यांच्या जलरोधक कनेक्टरांत प्रत्येक वायरीभोवती रबराची इवलीशी बाही असते. आयपी ६७ दर्जाचा जोड एक मीटर पाण्यात अर्धा तास कोरडा राहतो. मला त्या कारागिरीबद्दल मनापासून आदर वाटतो. तरी रबरही म्हातारं होतं, कडक होतं, चिरतं. आज कारखान्याच्या दारातून चकचकीत निघालेली गाडी कधीतरी याच गल्लीत येणार आहे, आणि तेव्हा तिला कापत मागे जाणारा हात लागणार आहे. तो हात या पट्ट्यात टिकायला हवा. गल्लीतली पोरं स्कॅनर लावायला पटकन शिकतात, ते चांगलंच आहे. पण पॉलिश पेपर आणि टेस्ट लॅम्प घेऊन अर्थ शोधणारं पोर दिसलं की मला जास्त आनंद होतो.

दुसरी शिफ्ट सुटते तेव्हा तळेगाव-चाकण रस्त्यावर दुचाकींची रांग लागते आणि मागून कार वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर येतात. भर पावसात मागच्याला आपली जुनी जीप दिसते ती फक्त त्या दोन लाल दिव्यांमुळे. म्हणून गाडी पाण्यातून काढली असेल, तर अंधार पडण्याआधी कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि मागे उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. इंडिकेटर मिणमिणला, तर पहिल्यांदा अर्थचा स्क्रू काढा.