जंग

"भाईजान, भंगारवाल्याला कधी बोलवायचं?" धाकट्याने अब्बांसमोरच विचारलं. लकवा मारल्यापासून अब्बांची उजवी बाजू गेली आहे, जीभ जड झाली आहे. पण कान शाबूत आहेत. पुण्याहून चार दिवसांसाठी येणारा धाकटा हे विसरतो. अब्बांनी मान दुसरीकडे वळवली.

गाडी म्हणजे 1988 ची प्रीमियर पद्मिनी. अब्बा चाळीसगावात एका कापूस व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी पगारातून हप्ते कापून अब्बांना दिली. 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट अकराशे डिलाइट निघायची, तीच पुढे 1974 पासून पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईत या गाडीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा अब्बांनी त्या दिवशी टीव्ही बंद करू दिला नव्हता.

आमची पद्मिनी त्याआधीच उभी राहिली होती. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी एकदम फुगल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि पाणी गावात घुसलं. आमच्या गल्लीत ते बोनेटपर्यंत आलं. ओसरल्यावर अब्बांनी कुणालाही चावी फिरवू दिली नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टनचा दांडा वाकतो. इंजिन खोलायचं त्यांच्या मनात होतं, पण पुढच्याच वर्षी लकवा झाला. मग ताडपत्री, मांजरं आणि धूळ.

शेवटी ठरलं असं: धाकट्याच्या चार दिवसांत इंजिन फिरलं तर गाडी राहील, नाही तर काट्यावर जाईल. आमची मे महिन्याची सुट्टी होती. अब्बांची खुर्ची लिंबाखाली ठेवली आणि आम्ही दोघे भाऊ बोनेटखाली शिरलो.

पहिल्या दिवशी प्लग काढले. हेड अॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा. जोर केला तर प्लगबरोबर हेडमधले आटेही निघून येतात. रात्रभर डिझेल मुरू दिलं, सकाळी पाना लावला आणि पाव फेरा बाहेर, पुन्हा थोडा आत, पुन्हा बाहेर, असे चारही काढले. प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्येही डिझेल ओतून ठेवलं. व्हॉल्व्ह अडकले असणार, म्हणून हेड उतरवणं भाग होतं, आणि त्याआधी एग्झॉस्ट मॅनिफोल्ड.

खरी लढाई तिथे होती. मॅनिफोल्ड सारखा तापतो, निवतो आणि वर हे पुराचं पाणी. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, आट्यांमधली फट तोच भरून टाकतो. मराठीत गंज म्हणतात, आमच्या उर्दूत जंग. उर्दूत लिहिताना लढाईचा 'ज' वेगळा आणि गंजाचा वेगळा. देवनागरीत दोन्ही एकच होतात. शुद्धलेखनाच्या तासाला पोरांना हा फरक आम्ही कितीदा शिकवला असेल, पण त्या दिवशी आम्हालाच तो कळेनासा झाला.

धाकट्याला घाई. त्याने बारा कोनी रिंग पाना लावून त्यावर पाइप चढवला. नटाचे कोपरे गोल झाले. अब्बांनी डावा हात उचलला.

"पहले... कस."

"कस? अब्बा, खोलायचाय!"

"थोडा कस."

बी.एड.ला आम्ही ज्ञाताकडून अज्ञाताकडे जायला शिकलो. सोडण्यासाठी आधी आवळायचं, हे कुठल्याच पाठटाचणात नव्हतं. पण बरोबर होतं. किंचित आवळला की गंजाची पकड तुटते. सहा कोनी गोटी पाना, डोक्यावर हातोडीचे चार हलके ठोके, थोडा आत, मग बाहेर. तीन नट असे सुटले. बाकीच्यांना गरम करावं लागलं. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर काढून लांब ठेवले, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. नट मंद लाल झाला, ज्योत बाजूला घेतली, जरा निवल्यावर मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांमध्ये ओढलं गेलं आणि नट फिरला. अम्मीने ही मेणबत्ती लाइट जाण्यासाठी जपून ठेवली होती, त्यावरून वेगळं भांडण झालं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा नट. धाकट्याने पुन्हा पाइप चढवला. आम्ही "थांब" म्हणेपर्यंत स्टड तुटला. तो आवाज खुर्चीपर्यंत गेला. अब्बा काही बोलले नाहीत, डोळे मिटून बसले. मगरिबची अजान झाली. धाकटा नळावर हात धूत राहिला, बराच वेळ. आम्हाला त्याला खूप बोलायचं होतं, पण त्याच्या तळहाताला आलेले फोड दिसले आणि गप्प बसलो.

मॅनिफोल्ड हलकेच ओढून घेतला, तर स्टडचं बोटाच्या पेराएवढं थुटुक हेडबाहेर उरलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी वेल्डिंगवाल्याने त्यावर मोठा नट ठेवून मधोमध वेल्डिंग भरलं. लोखंडाचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही, म्हणून हेडला इजा झाली नाही. आणि त्या उष्णतेने स्टडही आतून सैल होतो. निवू दिलं. पाना धाकट्याच्या हातात होता. त्याने आधी अब्बांकडे पाहिलं, मग किंचित आवळला.

टक.

"छूटा," अब्बा म्हणाले. आम्हाला अजून काहीच हललेलं दिसलं नव्हतं.

दुपारपर्यंत हेड उतरलं. दोन व्हॉल्व्ह अडकलेले होते, सिलिंडरच्या भिंतीवर तांबडा थर होता. क्रँकच्या पुलीवर पाना लावला. आधी जराही नाही, मग मागे-पुढे करता करता पाव फेरा, मग अर्धा. पूर्ण फेरा झाला तेव्हा धाकट्याच्या महाराष्ट्र एक्सप्रेसला तासभर उरला होता. तो नट अब्बांनी मागून घेतला आणि डाव्या मुठीत धरून ठेवला. जेवतानाही सोडेनात, अम्मी रागावली.

हेडचं काम अजून बाकी आहे, पिस्टनच्या रिंगा मिळतात की नाही ते बघायचं आहे, खर्चाचा हिशेब तर मांडलेलाच नाही. मनमाड आलं तेव्हा धाकट्याचा फोन आला.

"भाईजान, ताडपत्री नीट बांधली ना? आभाळ आलंय."