ताळेबंद एका फूटरेस्टचा

काही माणसांच्या हाताला पाना शोभतो, काहींच्या हाताला तबल्याचा हातोडा. माझ्या हाताला रबरी शिक्का शोभतो. बँकेत बावीस वर्षं कारकुनी केल्यावर ठोकाठोकीत माझी गती तेवढीच. तरीही गेल्या महिन्यातल्या चौथ्या शनिवारी, म्हणजे बँकेला सुट्टी असताना, मी मोटरसायकलचा वाकलेला फूटरेस्ट घरच्या घरी सरळ करायला बसलो. त्यात हौसेचा भाग कमी आणि भीतीचा जास्त होता.

गाडी स्प्लेंडर. २००९ साली घेतली तेव्हा कंपनीचं नाव हीरो होंडा असं जोडनाव होतं. २०११ साली कंपनीनं ते बदललं. माझ्या टाकीवर मात्र जोडनाव अजून टिकून आहे. संसारी माणसाच्या गाडीला तेच शोभतं.

तर आदल्या दिवशी संध्याकाळी मी दळण घेऊन येत होतो. आमच्या साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गल्ल्यांत गाडी थांबवायची म्हणजे एक पाय जमिनीवर आणि दुसरा देवाच्या भरवशावर. अशाच एका उतारावर एक म्हैस आडवी आली. मी सभ्यपणे थांबलो, डावा पाय टेकायला गेलो, तर जमीन अपेक्षेपेक्षा चार बोटं खाली! धावत्या गाडीवरून पडण्यात निदान काही पराक्रम तरी असतो. मी उभ्या गाडीवरून पडलो. म्हैस मात्र शांतपणे बघत होती.

मला खरचटलंही नाही. पिशवी फाटली आणि डावा फूटरेस्ट वर वळला. गिअर टाकायला पाय पोचेना. घरापर्यंतचा प्रवास मी एकाच गिअरमध्ये आणि एकाच विचारात केला.

"पीठ एवढंच?" सौ.नं विचारलं.

"चक्कीवाल्यानं कमी दिलं असेल," मी म्हणालो. एका खोट्याची नोंद झाली.

शनिवारी सकाळी तिला फूटरेस्ट दिसला आणि तिनं चौकशी न करताच निकाल दिला. चिरंजीवांना अठरावं लागून लायसन्स मिळाल्याला दोनच महिने झाले होते. "आपटलीस ना गाडी? सांगत होते मी!" असं सुरू होऊन ते थेट बारावीच्या मार्कांपर्यंत गेलं. मी पेपराच्या आड होतो. पेपर उलटा नव्हता, एवढंच. अपराधी माणूस गप्प बसतो हे मला ठाऊक होतं, कारण मी गप्पच होतो. पण हा निरपराध पोरगा मान खाली घालून का उभा?

कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे जायची सोय नव्हती. त्याला सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात पोचते. तेव्हा मी अंगणात गाडी डबल स्टँडवर लावली आणि बारा नंबरचा पाना घेऊन खाली वाकलो.

तुम्हांला सांगतो, या गाडीचे दोन्ही बाजूंचे फूटरेस्ट वेगवेगळे नसतात. इंजिनाखालून जाणारा तो एकच अखंड दांडा असतो, चार बोल्टांवर कसलेला. साइड स्टँडही त्यालाच. बोल्ट न काढता, गाडीवर असतानाच त्याला पाइप घालून हिसके दिले, तर दांड्याऐवजी बोल्टांचे आटे जाण्याची भीती. म्हणून तो काढलाच. रबर ओढून काढलं, दांडा दगडी पायरीवर ठेवला, वाकलेल्या टोकावर नळाच्या पाइपचा तुकडा घातला आणि दाबला. दांडा गर्रकन फिरला आणि माझ्या नडगीवर बसला. बँकेच्या भाषेत, एका बाजूला नोंद केली पण दुसरी बाजू मोकळी ठेवली.

"बाबा, थांबा. दुसरीकडून मी धरतो," चिरंजीव मागं येऊन उभे होते. मला एकदम भरून आलं.

"अरे," मी म्हणालो, "तू नाही वाकवलास हा. मी पाडली गाडी."

"माहीत आहे मला. इंजिनाच्या पट्ट्यांत बघा."

बघितलं. पट्ट्यापट्ट्यांत गव्हाचं पीठ भाजून बसलं होतं.

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

त्यानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या टोकाचं रबर काढून त्यावर दुसरा पाइप चढवला. आता दोन्ही पाइप एका आडव्या रेषेत यायला हवे होते, निदान त्याचा तरी. पण दोन्ही आभाळाकडे बघत होते. त्याची बाजूही वाकलेली होती!

"मागच्या महिन्यात," तो पुटपुटला, "यवतेश्वरच्या घाटात. वळणावर वाळू होती."

त्यानं पँट वर केली. उजव्या गुडघ्यावर रुपयाएवढी नवी गुलाबी कातडी आली होती. यवतेश्वरच्या घाटात वळणाच्या पलीकडे काय असतं, ते मी पाहिलेलं आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ओरडायला शब्द गोळा केले, पण ज्याच्या इंजिनावर पीठ आहे त्यानं कुठल्या तोंडानं ओरडायचं?

"हेल्मेट होतं?"

"होतं."

"धर मग," मी म्हणालो.

एका बाजूला तो, एका बाजूला मी, मध्ये पायरी. दोघांनी एकदम भार दिला. पोलादी दांडा थंडच वाकतो, पण हळूहळू. पुनःपुन्हा मागं-पुढं केला तर तडा जातो. चौथ्या नेटाला दोन्ही पाइप एका रेषेत आले. सांध्यांवर बोट फिरवून तडा नाही, याची आम्ही खात्री केली. असता तर डागडुजी न करता नवाच घेतला असता. चारी बोल्ट कसले. एक वॉशर उरला, तो मी सस्पेन्स खात्यात, म्हणजे शर्टाच्या खिशात टाकला. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे जाऊन तो बसवून घेतला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

कारण दुपारी जेवताना आम्ही दोघांनी आळीपाळीनं सगळं सांगून टाकलं होतं. घाटाचं ऐकताना सौ.च्या हातातला डाव थांबला. ती उठली, मुलाचा गुडघा नीट पाहिला, आणि काही न बोलता त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. माझ्या पानाकडे बघून मात्र म्हणाली,

"तुमच्या कॉलरला शुक्रवारीच पीठ होतं. चक्कीवाल्याला काय काय बोलून आले मी!"

पुढच्या रविवारी तिनं दळणाचा डबा माझ्या हातात दिला आणि गाडीची किल्ली काढून घेतली. चक्कीवाल्याची माफी मागून मी चढ चालत चढलो.